स्केल रॉक क्रॉलरला पाट्यांचे सस्पेन्शन जुळवताना

रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या, एकास दहा प्रमाणातल्या रॉक क्रॉलरला, म्हणजे खडकांवरून संथपणे चढणाऱ्या प्रतिकृती-गाडीला, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) सस्पेन्शन लावण्यामागे बहुतेकांचे कारण एकच असते: गाडी खरी दिसावी. मारुती जिप्सी, महिंद्राची जुनी जीप, टोयोटाची एफजे ४० लँड क्रूझर या सगळ्या गाड्या पुढे-मागे पाट्यांवरच उभ्या असत, आणि त्यांच्या प्रतिकृतीखाली चार लिंक, म्हणजे ॲक्सलला चॅसिसशी जोडणारे दांडे, आणि कॉइल स्प्रिंगा दिसल्या की जाणत्या माणसाच्या डोळ्याला ते खुपते. तामिया या जपानी मॉडेल कंपनीने १९८१ साली काढलेल्या हायलक्सला आणि १९८५ सालच्या ब्रूझरला पाटेच होते. आजच्या गाड्यांपैकी आरसीफोरडब्ल्यूडीच्या ट्रेल फाइंडर २ मध्येही तेच आहेत. मात्र अशी गाडी खोक्यातून काढून थेट खडकावर नेली, तर ती ताठ चालते, पुढचे एक चाक दगडावर चढले की त्याच बाजूचे मागचे चाक हवेत जाते, आणि मालक वैतागून पाटे काढून टाकण्याच्या विचाराला लागतो. त्या निर्णयाची घाई करू नये. दोष पाट्यांच्या तत्त्वात नसून त्यांच्या प्रमाणात आहे, आणि तो घरच्या घरी, साध्या हत्यारांनी दूर करता येतो.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. लिंकच्या गाडीत स्प्रिंग वजन पेलते आणि लिंक ॲक्सलला जागेवर धरून ठेवतात. पाट्याच्या गाडीत ही दोन्ही कामे एकटा पाटा करतो. त्यामुळे पाटा मऊ करण्यासाठी जे काही केले जाते, त्याने ॲक्सलवरची पकडही थोडी सैल होते. पुढे दिलेली सगळी जुळणी या दोन कामांचा मेळ घालण्यासाठीच आहे.

पाटे मुळात इतके कडक का असतात

पाट्याचा कडकपणा त्याच्या रुंदीच्या प्रमाणात, जाडीच्या घनाच्या प्रमाणात आणि लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. खऱ्या गाडीचा पाटा त्याच पोलादात सर्व बाजूंनी दहापट लहान केला, तर त्याचा कडकपणा एकदशांश होतो. पण गाडीचे सगळे भाग त्याच हिशोबाने लहान केले असता वजन मात्र एकसहस्रांश होते. भार हजारपट कमी आणि कडकपणा फक्त दहापट कमी, त्यामुळे पाटा शंभरपट कमी दबतो; प्रमाणात मात्र तो दहापटच कमी दबायला हवा. म्हणजे हुबेहूब प्रमाणात केलेला पाटा त्या गाडीला दहापट कडक पडतो. हा दहापटीचा फरक केवळ जाडीतून भरून काढायचा, तर पाट्याची जाडी प्रमाणातल्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी, साधारण ४६ टक्के ठेवावी लागेल. उत्पादक ही तडजोड काही अंशी करतात; परंतु चार-पाच पाट्यांचा भरगच्च संच दिसायला छान दिसतो म्हणून पाट्यांची संख्या कमी करायला ते सहसा तयार नसतात.

जाडीचा घन किती प्रभावी असतो, याचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. ०.५ मिमी जाडीच्या पाट्याऐवजी ०.६ मिमीचा पाटा लावला, तर कडकपणा सुमारे पाऊणपट वाढतो. म्हणून सुटे पाटे विकत घेताना किंवा स्प्रिंग स्टीलच्या पातळ पत्र्यातून कापून घेताना व्हर्निअर जवळ बाळगावा आणि दुकानदाराने सांगितलेल्या जाडीवर विसंबू नये. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या दुकानांमधून फिरल्यास शिम, म्हणजे फटीत घालण्याचा पातळ पत्रा, मिळू शकतो. त्यातला पितळी किंवा साधा मऊ पत्रा पाट्याच्या कामाचा नसतो. एकदा वाकला की तो तसाच राहतो. हाताने हलका वाक देऊन सोडल्यावर जो पत्रा पूर्ववत सरळ होतो, तोच घ्यावा.

आधी वजन, मग पाटे

गाडी बॅटरी, बॉडी आणि सगळ्या सजावटीसह पूर्ण सज्ज करून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकेक चाक ठेवून मोजावी. एक चाक काट्यावर असताना काट्याइतक्याच उंचीचे ठोकळे उरलेल्या तीन चाकांखाली ठेवावेत, नाहीतर आकडे फसवे येतात. पुढच्या ॲक्सलवर एकूण वजनाच्या ५५ ते ६० टक्के भार असलेली गाडी चढावर चांगली चालते. तो कमी असल्यास पाट्यांना हात लावण्यापूर्वी बॅटरी पुढे आणि खाली सरकवावी.

या मोजणीतून ॲक्सल, चाके आणि टायर यांचे वजन वजा केले पाहिजे, कारण ते पाट्यावर पडतच नाही. समजा गाडी ३ किलोची आहे आणि दोन्ही ॲक्सल चाकांसह मिळून १.१ किलोची आहेत, तर चार पाट्यांवर मिळून १.९ किलो भार येतो, म्हणजे सरासरी प्रत्येकी पावणेपाचशे ग्रॅम. ॲक्सलवर पितळी वजने लावणाऱ्यांची येथे हमखास गफलत होते. गाडी जड झाली म्हणून ते कडक पाटे ठेवतात, प्रत्यक्षात पाट्यावरचा भार तसूभरही वाढलेला नसतो.

आता गाडीच्या चॅसिसला धरून, चाके जमीन सोडण्याच्या बेतात येईपर्यंत वर उचलावे आणि ॲक्सलपासून चॅसिसपर्यंतचे अंतर मोजावे. मग गाडी खाली ठेवून, थोडी हलवून, तेच अंतर पुन्हा मोजावे. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते त्याचे माप. सस्पेन्शनची एकूण हालचाल २५ ते ३० मिमी असल्यास हा फरक ८ ते १० मिमी असावा. नव्या गाडीत तो अनेकदा एक-दोन मिमीच भरतो. अशा गाडीचे चाक खड्ड्यात खाली उतरतच नाही, आणि खडकावरच्या पकडीसाठी चाक खाली उतरणे हे वर दबण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

संच सोडवणे आणि कमी करणे

यू-बोल्ट सैल करून ॲक्सल मोकळे करावे आणि मधला सेंटर बोल्ट काढून पाटे सुटे करावेत. दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर मार्करने खुणा करून ठेवाव्यात, कारण एकाच खोक्यातले पाटेही कमानीच्या बाबतीत थोडे वेगळे असतात आणि ते अदलाबदल होऊन बसले तर गाडी एका अंगाला कलते.

कोणता पाटा काढायचा, याबद्दल माझे मत ठाम आहे: मधला काढावा. सर्वांत लांब, दोन्ही टोकांना डोळे, म्हणजे बोल्टसाठी गोल वळवलेली टोके, असलेला मुख्य पाटा तर राहणारच. त्याच्याबरोबर सर्वांत आखूड पाटाही ठेवावा, कारण बैठकीलगत, म्हणजे पाटा ॲक्सलवर यू-बोल्टने आवळला जातो त्या जागेलगत, मुख्य पाट्याला आधार देऊन तो ॲक्सलची पीळ रोखतो. चार पाट्यांच्या संचातून एक काढल्यास कडकपणा ढोबळमानाने पावपट उतरतो. एक काढावा, गाडी जोडून पुन्हा माप घ्यावे, गरज वाटली तरच दुसरा काढावा. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला सारखाच संच ठेवण्याचा हट्ट धरू नये. मागे भार कमी असल्यामुळे तेथे बहुधा एक पाटा आणखी कमी लागतो. काढलेल्या पाट्याच्या जाडीची भरपाई करायला तेवढ्याच जाडीचे वॉशर किंवा प्लास्टिकची पट्टी बैठकीत घालावी, म्हणजे यू-बोल्ट नीट आवळले जातात आणि उंचीही बदलत नाही.

पाटे सुटे झालेच आहेत तर त्यांच्या टोकांकडे भिंगातून पाहावे. पंच करून कापलेल्या पाट्याच्या खालच्या कडेला बारीक, धारदार कंगोरा राहिलेला असतो. सस्पेन्शन हलते तेव्हा हा कंगोरा शेजारच्या लांब पाट्यावर घासून त्यात आडवा चर पाडतो. मग टोक त्या चरात अडकते, सुटते, पुन्हा अडकते आणि गाडी झटक्याझटक्याने बसते. बारीक कानशीने तो कंगोरा गोल करावा, नंतर ६०० आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाट्यांच्या समोरासमोरच्या बाजू लांबीच्या दिशेने घासाव्यात. आडवे घासू नये. आडव्या ओरखड्यांतून पोलाद तडकायला सुरुवात होते. संपूर्ण जुळणीत सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत जास्त फळ देणारे काम हेच आहे, आणि नेमके तेच बहुतेक जण टाळतात.

पाट्यांमध्ये ग्रीस लावू नये. ग्रीसमध्ये धूळ बसली की तिचा घासणारा लगदा तयार होतो. कोरडे वंगण वापरावे. त्यातही समुद्राजवळ गाडी चालवणाऱ्यांनी ग्राफाइट टाळून टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे घ्यावा, कारण खाऱ्या ओलाव्यात ग्राफाइटच्या संपर्कातले पोलाद अधिक लवकर गंजते.

घर्षण किती उरले आहे हे मोजता येते. जोडलेली गाडी हाताने खाली दाबून अगदी सावकाश सोडावी आणि उंची मोजावी. नंतर थोडी वर उचलून तितक्याच सावकाश सोडावी आणि पुन्हा मोजावी. दोन्ही उंचींत तीन-चार मिमीपेक्षा अधिक फरक पडला, तर पाटे अजून एकमेकांना धरून बसले आहेत किंवा डोळ्यांतले बोल्ट जास्त आवळले गेले आहेत. डोळ्यांच्या बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असल्यामुळे आपोआप सैल न होणारा नट) लावून तो टेकेपर्यंत फिरवावा आणि मग पाव वळसा मागे घ्यावा. पाटा बोटाने हलवल्यावर डोळ्यात मोकळा फिरला पाहिजे, पण आडवा खुळखुळता कामा नये.

पाट्याची कमान कमी-जास्त करायची असल्यास ती थंड अवस्थेतच करावी. जाड पाइपवर ठेवून अंगठ्यांनी, मधल्या भागापासून टोकांकडे, थोडा थोडा वाक देत जावे. मोठ्या गाड्यांचे पाटे ठोकून वळवणारे कारागीर घणाचे घाव एका जागी न घालता पाट्याच्या लांबीभर पसरून घालतात. तीच शिस्त येथे पाळावी. बर्नरवर तापवण्याचा मोह आवरावा. पाटा जास्त तापला की पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि तो पुन्हा स्प्रिंगसारखा वागत नाही.

बैठकीची रुंदी हाही एक दुर्लक्षित मुद्दा आहे. यू-बोल्टखाली आवळलेला भाग वाकत नाही, म्हणजे पाट्याची कामाची लांबी तेवढी कमी होते. डोळ्यापासून डोळ्यापर्यंत ९० मिमी असलेल्या पाट्याला १२ मिमीऐवजी ८ मिमी रुंदीची बैठक दिली, तर कामाची लांबी ७८ वरून ८२ मिमी होते आणि लांबीच्या घनामुळे कडकपणा सुमारे १४ टक्के उतरतो. एकही पाटा न काढता मिळालेला हा मऊपणा आहे.

शॅकलचा कोन

पाटा दबला की सपाट होतो आणि त्याच्या दोन डोळ्यांमधले अंतर वाढते. सैल सुटला की कमान वाढते आणि अंतर घटते. ही घटवाढ सामावून घेण्यासाठी एका टोकाला शॅकल, म्हणजे डोळा आणि चॅसिस यांना जोडणारा झुलता दुवा, असते. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना शॅकल सरळ उभे किंवा त्याचे खालचे टोक पाट्याच्या मध्यापासून दूर, १० ते २० अंश बाहेर झुकलेले असावे. ते आतल्या बाजूला झुकलेले असेल, तर दबताना त्याला आधी उभ्या रेषेपर्यंत यावे लागते आणि तेवढ्या प्रवासात ते डोळ्याला खाली ढकलत राहते. त्यामुळे मऊ पाटाही कडक भासतो. उलट ते फारच बाहेर झुकले असेल, तर गाडी दबताच चॅसिसला टेकते. सुटे सस्पेन्शन हाताने वरपासून खालपर्यंत हलवून शॅकल कोठे अडते ते पाहावे. पूर्ण सैल स्थितीत ते आतल्या बाजूला उलटून अडकत असेल, तर खालची हालचाल शॉक ॲब्सॉर्बरच्या लांबीने आधीच थांबवावी. शॅकल दोन-तीन मिमी लांब केल्याने हालचाल वाढते, पण आडवा हेलकावाही वाढतो. त्याहून अधिक लांबीच्या वाटेला मी जात नाही.

जुन्या जीपगाड्यांमध्ये पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असे. त्यात चाक दगडावर आदळून पाटा दबला की ॲक्सल किंचित पुढे, म्हणजे दगडाच्याच दिशेने सरकते. शॅकल मागच्या टोकाला नेल्यास ॲक्सल मागे सरकून धक्का पचवते, पण मग प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे गिअरबॉक्सकडून ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याला, अधिक आत-बाहेर सरकावे लागते आणि आखूड शाफ्ट तळाला लागतो. क्रॉलर संथ गतीने चालत असल्यामुळे मूळची मांडणीच ठेवावी. रूपही तिच्यातच आहे.

ॲक्सलच्या वर की खाली

पाटा ॲक्सलच्या खाली असला की गाडी बुटकी आणि स्थिर राहते, पण यू-बोल्टच्या खालच्या पट्ट्या दगडांना अडतात. पाटा वर घेतल्यास ॲक्सलच्या नळीची आणि संचाची जाडी मिळून जेवढी होते तेवढी गाडी उंचावते आणि गुरुत्वमध्यही वर जातो. मला योग्य वाटणारा मार्ग असा की, खडकासाठी पाटे वर घ्यावेत, पण त्यांची कमान जवळजवळ सपाट करून वाढलेली उंची परत उतरवावी.

असे करताना पिनियनचा, म्हणजे ॲक्सलमधल्या ज्या दातेरी दांड्याला प्रोपेलर शाफ्ट जोडतो त्याचा, कोन तपासलाच पाहिजे. दोन्ही टोकांना साधे युनिव्हर्सल जॉइंट असलेल्या शाफ्टसाठी गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि ॲक्सलचा पिनियन एकमेकांना समांतर हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत हवेत. तसे नसल्यास शाफ्ट फेऱ्यागणिक दोनदा मंद-जलद होतो आणि सावकाश चढताना गाडी थरथरते. बैठकीखाली ३ ते ६ अंशांचा पाचरीसारखा तुकडा घालून कोन साधता येतो. पुढच्या ॲक्सलला मात्र तोच तुकडा चाकांचा कॅस्टरही, म्हणजे चाके ज्या अक्षाभोवती वळतात त्याचा पुढे-मागे कलही, बदलतो, म्हणून तेथे स्टीअरिंग जागेवर परत येते की नाही हे पाहूनच हात थांबवावा.

ॲक्सलची पीळ

चाके पुढे फिरतात तेव्हा ॲक्सलचे हौसिंग उलट दिशेने पिळले जाते: मागच्या ॲक्सलचा पिनियन वर उचलला जातो, पुढच्याचा खाली दबतो. मऊ केलेला पाटा या पिळेने इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो आणि पकड सुटताच झटकन सरळ होतो. चाक उड्या मारते ते त्यामुळेच. चाचणीसाठी गाडीचे पुढचे चाक भिंतीला टेकवून हळूहळू थ्रॉटल द्यावा आणि बाजूने मागच्या पिनियनकडे पाहावे. तो दोन-तीन अंश उचलला गेला तर चालेल. त्याहून अधिक असल्यास मुख्य पाट्याच्या फक्त पुढच्या अर्ध्या भागाखाली, बैठकीपासून डोळ्याच्या अलीकडपर्यंत, एक आखूड पट्टी द्यावी. तेवढ्याने भागले नाही तर हौसिंगच्या वरून चॅसिसपर्यंत एक टॉर्क रॉड जोडावा, पण त्याचे चॅसिसकडचे टोक छोट्या शॅकलवर टांगलेले असले पाहिजे. ते पक्के आवळले तर रॉड आणि पाटा वेगवेगळ्या वर्तुळांत फिरू पाहतात आणि सस्पेन्शन जाम होते.

शॉक आणि स्टीअरिंग

येथे थोडक्यात सांगता येते. वजन पेलण्याचे काम पाट्याचे आहे, म्हणून शॉकमधली स्प्रिंग काढून टाकावी किंवा मिळेल ती सर्वांत मऊ लावावी. पाट्यांच्या घर्षणातून हालचाल आधीच मंदावत असल्यामुळे २० ते ३० वेटचे (वेट हे तेलाच्या दाटपणाचे माप) सिलिकॉन तेल पुरते. शॉक तिरका लावल्यास त्याचा जोर उभ्या शॉकच्या तुलनेत ३० अंशांवर पाऊणपट आणि ४५ अंशांवर निम्मा राहतो. पूर्ण दाबल्यावर शॉकचा दांडा तळाला लागण्यापूर्वी रबराचा ठोकळा चॅसिसला टेकला पाहिजे.

स्टीअरिंगचा सर्वो, म्हणजे चाके वळवणारी छोटी मोटर, ॲक्सलवरच बसवावा. चॅसिसवरच्या सर्वोचा दांडा वळवताना मऊ पाट्यांवरची बॉडीच आडवी सरकते आणि चाके कमी वळतात; ते रोखायला पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सल आणि चॅसिस यांना जोडणारा आडवा दांडा, लावला तर तो पाट्याशी भांडतो.

खडकावरची पारख

घरात चाचणी घेण्यासाठी कडप्प्याचे किंवा टाइल्सचे तुकडे एकावर एक रचत पुढचे एक चाक वर चढवत जावे आणि दर थराला उरलेल्या तीन चाकांखाली कागदाची पट्टी सरकवून पाहावी. ज्या चाकाखाली कागद विनासायास सरकतो, त्यावर भार उरलेला नाही. तोपर्यंत रचलेली उंची लिहून ठेवावी. दोन्ही बाजूंनी ती सारखी आली पाहिजे. चढावर थ्रॉटल दिला की गाडी नेहमी एकाच बाजूला कलत असेल, तर तो शाफ्टच्या पिळेचा परिणाम असतो आणि जी बाजू दबते तिच्या पाट्यात काढून ठेवलेल्यांपैकी एक पातळ पाटा परत घातल्याने बराच कमी होतो.

मुंबईत खरा खडक हवा असेल तर ओहोटीच्या वेळी वांद्र्याच्या बँडस्टँडचा किनारा आहे. तेथला काळा, खडबडीत बेसाल्ट कोरडा असताना टायरला उत्तम धरतो. शेवाळलेल्या पट्ट्यात मात्र कोणतेही सस्पेन्शन चालत नाही, आणि भरतीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय तेथे उतरू नये. पावसाळ्यात तर किनारा टाळावाच. घरी परतल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुऊन, पाटे थोडे फाकवून मधले पाणी फुंकून काढावे आणि कोरडा स्प्रे पुन्हा मारावा. गंज सर्वांत आधी डोळ्यांच्या आत आणि सेंटर बोल्टच्या भोकाभोवती धरतो, जेथे तो दिसत नाही. नव्याने जोडलेले पाटे पहिल्या चालीत एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतात, म्हणून पहिल्या बॅटरीनंतर ते चारही कोपऱ्यांत आलटून-पालटून, तिरक्या क्रमाने पुन्हा आवळावेत.